ग्रामपंचायतीचे अधिकार : संविधानाने दिलेले आणि राज्यावर सोपवलेले

मागील घटकात आपण पंचायत राज्याचा ७३ व्या घटनादुरुस्तीपर्यंतचा प्रवास पाहिला. २४ एप्रिल १९९३ पासून ही दुरुस्ती अमलात आली आणि संविधानात नववा भाग व अकरावी अनुसूची यांची भर पडली. तत्पूर्वी ग्रामपंचायती संघटित करण्याची अपेक्षा अनुच्छेद ४० मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत होती. तिची अंमलबजावणी न्यायालयाकडे मागता येत नव्हती.

‘या दुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास आढळते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. दर्जा मिळणे आणि अधिकार मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद समजण्यासाठी अनुच्छेदांतील क्रियापदांकडे लक्ष द्यावे. पंचायती घटित केल्या जातील (२४३ख), अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या जातील (२४३घ), पंचायतीची मुदत पाच वर्षे राहील, अधिक नाही (२४३ङ), असे संविधान सांगते. ही भाषा आज्ञेची आहे. तिला असलेले अपवादही संविधानातच नमूद आहेत. उदाहरणार्थ, वीस लाखांपेक्षा अधिक लोकसंख्या नसलेल्या राज्याला मधला स्तर वगळता येतो, म्हणून गोव्यात पंचायत समिती नाही. अधिकारांविषयीच्या अनुच्छेद २४३छ मध्ये मात्र भाषा बदलते. स्वराज्याच्या संस्था म्हणून कार्य करण्यासाठी आवश्यक ते अधिकार राज्य विधानमंडळ कायद्याने प्रदान करू ‘शकेल’, असे तेथे म्हटले आहे. करांच्या अधिकाराविषयीही (२४३ज) हीच शब्दयोजना आहे.

अकराव्या अनुसूचीतील २९ विषय याच संदर्भात वाचावेत. अनेक विद्यार्थी त्यांना ‘पंचायतीचे अधिकार’ समजतात. वस्तुतः ती राज्याने कोणते विषय सोपवावेत याची यादी आहे. तीत प्राथमिक शिक्षण आहे. तरीही महाराष्ट्रात गावातील शाळेचा शिक्षक हा जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो आणि सरपंचाला त्याची बदली करता येत नाही. पिण्याचे पाणीही यादीत आहे. तेथे ग्रामपंचायतीचा वाटा मोठा आहे. गावची नळयोजना चालवणे आणि पाणीपट्टी वसूल करणे ही तिचीच कामे. एकाच यादीतील दोन विषयांत एवढा फरक पडतो, कारण प्रत्यक्ष अधिकार राज्याच्या कायद्यांतून येतात : १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम.

पैशाची स्थिती याहून नाजूक आहे. घरपट्टीची वसुली करताना सदस्यांना शेजाऱ्यांचाच रोष पत्करावा लागतो, म्हणून अनुदानावरील अवलंबन वाढते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीतील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिली. हे विषय महत्त्वाचे आहेत यात वाद नाही. पण खर्चाचा अग्रक्रम गावाने ठरवावयाचा की वरून ठरावयाचा, हा प्रश्न उरतोच.

ग्रामसभेला अनुच्छेद २४३क चा आधार आहे, परंतु तिचे अधिकारही राज्याच्या कायद्यावरच अवलंबून आहेत. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असून त्या न बोलावणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी, बाजार, भूसंपादनापूर्वीचा विचारविनिमय असे विषय थेट कायद्याच्या चौकटीत आणले. तेथील ग्रामसभा इतर गावांच्या तुलनेत निश्चितच बलवान आहे.

मग ज्या तरतुदी आज्ञार्थी आहेत, त्या तरी नेहमी पाळल्या जातात काय? मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करणे हे अनुच्छेद २४३ङ नुसार अनिवार्य आहे. तथापि इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेल्यानंतर, २०२२ पासून महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्हा परिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांकडे राहिला. या काळात रस्ते झाले, देयके निघाली, योजनाही राबवल्या गेल्या. मात्र त्यांबद्दल मतदारांनी जाब विचारावा असा निवडून आलेला सदस्य तेथे नव्हता.

स्वयं-अध्ययन
आपल्या ग्रामपंचायतीच्या चालू अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून मिळवा. त्यातील किती रक्कम स्वतःच्या करांतून येते आणि किती रकमेचा खर्च ग्रामसभेला आपल्या इच्छेनुसार ठरवता येतो, हे शोधून अनुच्छेद २४३छ व २४३ज यांच्या आधारे १५० शब्दांत टिप्पणी लिहा.