दासोपंतांची माहूरची बारा वर्षे : चरित्रातील एक मौन

मध्ययुगीन मराठी संतचरित्रांत अरण्यवासाचे उल्लेख पुष्कळ आहेत. अरण्यात एकट्याने दिवस कसे काढले, याचे वर्णन मात्र विरळ. दत्तसंप्रदायातील कवी दासोपंत (1551–1615) यांचे परंपरागत चरित्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

बिदर परगण्यातील नारायणपेठेच्या देशपांडे घराण्यात त्यांचा जन्म झाला. दुष्काळामुळे वडील दिगंबरपंतांना सरकारी वसूल भरता आला नाही, म्हणून कोवळ्या वयाच्या मुलाला बिदर दरबारी ओलीस ठेवण्यात आले. मुदतीत रक्कम न आल्यास धर्मांतर, अशी अट होती. अखेर पाडेवाराच्या रूपाने प्रत्यक्ष दत्तात्रेयांनी भरणा करून त्याला सोडविले, असे चरित्र सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेशी असलेले साम्य उघड आहे. दुष्काळ, बिदरचाच दरबार आणि हलक्या मानलेल्या वेशात येणारा देव हा कथाबंध दोन्हीकडे एकच आहे. तेव्हा या भागाकडे इतिहास म्हणून पाहण्याऐवजी कथनरूढी म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते.

यानंतर हा विवाहित तरुण घर सोडून नांदेडवरून माहूरला गेला आणि तेथे त्याने बारा वर्षे तप केले. दरबाराचा प्रसंग रंगविणारे कथन येथे एकाएकी आखडते. त्याने काय खाल्ले, पावसाळा कोठे काढला, श्वापदांचे भय कसे सोसले, याविषयी ते जवळजवळ मौनच पाळते.

माहूरचा भूगोल या मौनाची काही अंशी भरपाई करतो. पैनगंगेने वेढलेला हा डोंगराळ, सागवानी प्रदेश रानाचा खरा, पण निर्मनुष्य नव्हे. रेणुका, दत्त आणि अनसूया यांची शिखरे, जवळचा किल्ला, कातळात कोरलेली लेणी आणि यात्रेकरूंचा राबता यांमुळे भिक्षा व आसरा तेथे असंभाव्य नव्हता. दत्तात्रेयांची निद्रा माहूरला, अशी श्रद्धा आहे. म्हणजे हा तरुण आराध्याच्या विश्रांतिस्थानी पोचला होता.

येथे ‘लीळाचरित्रा’तील ‘एकांका’ची आठवण अपरिहार्य आहे. चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा हा भाग शिष्य भेटण्यापूर्वीचा आहे. म्हाइंभटाने इतरत्र साक्षीदार गाठून आठवणी जमविल्या. येथे मात्र स्वतः चक्रधरांनी सांगितलेलेच काय ते हाती होते. तरीही पारध्यांच्या तावडीतून सुटलेला ससा त्यांच्या मांडीखाली शिरतो, तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. दासोपंतांच्या चरित्रकाराजवळ असा ऐकीव ठेवा नसावा, किंवा त्याला त्याची गरज भासली नसावी. दुसरी शक्यता अधिक बळकट वाटते. कारण त्याचे लक्ष अनुभवापेक्षा फळाकडे, म्हणजे दत्तकृपेकडे आहे.

‘बारा वर्षे’ हा आकडाही विचारात घ्यावा लागतो. तो तपाचा रूढ अवधी आहे, पांडवांच्या वनवासाचाही आहे. पण परागंदा झालेल्या माणसाची वार्ता बारा वर्षे लागली नाही, तर त्याला मृत मानून उत्तरक्रिया करावी, असाही धर्मशास्त्राचा संकेत होता. या अर्थाने ही वर्षे माहूरच्या शिखरावरून मोजलेली नसून नारायणपेठेच्या उंबऱ्यावरून मोजलेली आहेत. मागे राहिलेल्या तरुण पत्नीच्या दृष्टीने त्या अवधीच्या शेवटी वैधव्य उभे होते. तपश्चर्येचा गौरव करणाऱ्या अभ्यासकांनी या बाजूकडे फारसे पाहिलेले नाही, हे खेदाने नोंदवावे लागते. पुढे राक्षसभुवनी दत्तपादुकांचा प्रसाद, कुटुंबीयांची पुनर्भेट आणि अंबाजोगाईतील वास्तव्य हा क्रम सर्वश्रुत आहे.

सव्वा लाख ओव्यांच्या ‘गीतार्णवा’चा हा कर्ता ‘पासोडी’साठीही प्रसिद्ध आहे. सुमारे 40 फूट लांबीच्या त्या वस्त्रावर त्याने पंचीकरणाचा विषय ओव्यांत आणि आकृत्यांत मांडला. पासोडी म्हणजे थंडीवाऱ्यात अंगावर घ्यावयाचे जाडेभरडे सुती पांघरूण. ती अंबाजोगाईच्या काळातील असल्याने तिला माहूरच्या दिवसांचा पुरावा म्हणता येणार नाही. तरी पंचमहाभूतांचा विचार लिहिण्यासाठी या कवीने कागदाऐवजी पांघरुणाचे वस्त्र निवडले, एवढे मात्र खरे.