फाईलच्या नावाची शेपटी

संगणकात आपण कागद ठेवतो, फोटो ठेवतो, हिशेब ठेवतो. अशा एकेका वस्तूला फाईल म्हणतात. फाईलला नाव असते. नाव मराठीतही देता येते. नावाच्या शेवटी एक टिंब असते आणि टिंबापुढे बहुधा तीन-चार इंग्रजी अक्षरे. जसे, 'सातबारा डॉट पीडीएफ'. या अक्षरांना एक्स्टेन्शन म्हणतात. आपण शेपटीच म्हणू या.

शेपटी कशाला? विंडोज ती पाहूनच ठरवते, की फाईल कशाने उघडायची. जेपीजी असेल तर फोटो दाखवणारा प्रोग्रॅम पुढे येतो. ईएक्सई असेल तर? ती फाईल स्वतःच प्रोग्रॅम. उघडली की कामाला लागते. काम भले असो की बुरे!

आता फोटोची शेपटी खोडून पीडीएफ लिहा. फोटोचा कागद होईल का? मिठाच्या बरणीवर 'साखर' अशी चिठ्ठी लावली, म्हणून चहा गोड होत नाही. आतला माल तोच राहतो. माल ओळखायचा तर चाखावा लागतो. पीडीएफच्या आरंभीच टक्क्याचे चिन्ह आणि पी, डी, एफ ही अक्षरे असतात. ईएक्सईच्या आरंभी एम आणि झेड. लिनक्समध्ये 'फाईल' नावाची आज्ञा आहे. ती अशा खुणा वाचून खरा प्रकार सांगते.

विंडोजची एक खोड आहे. ओळखीची शेपटी ती लपवून ठेवते. नाव सुटसुटीत दिसावे म्हणून. आम्हाला ही सोय वाटत नाही. मे २००० मध्ये फिलिपीन्स देशातून निघालेले एक ई-पत्र जगभर फिरले. सोबतच्या फाईलचे नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. खरी शेपटी शेवटची. तीच लपली! लोकांना टीएक्सटी दिसले, म्हणजे साधा मजकूर. त्यांनी उघडले. व्हीबीएस म्हणजे संगणकाला दिलेले हुकूम. त्या हुकमांनी घरोघरचे फोटो पुसले आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच पत्र धाडले.

विंडोज ११ मध्ये शेपटी अशी दाखवा. फाईल एक्सप्लोरर उघडा. वर 'व्ह्यू' दाबा, मग 'शो'. तेथे 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. मग कोणी 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' पाठवले, तर उघडण्याआधी त्याला फोन लावून विचारा, बाबा, हे काय धाडलेस?