खेळाडू ते प्रशिक्षक : एप्रिल हाइनरिक्स यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

कायदा दार उघडतो. परंतु त्या दारातून आत गेलेल्या माणसाला आतील निर्णयाच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, हा इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतंत्रपणे विचारावयाचा प्रश्न आहे. राज्यकारभार, न्यायालये, विद्यापीठे यांच्या संदर्भात तो अनेकदा विचारला जातो. क्रीडाक्षेत्राच्या संदर्भात मात्र तो क्वचितच विचारला जातो, कारण खेळाच्या इतिहासात आपण फक्त गोल आणि पदके मोजतो. संघ कोणी घडविला, निवड कोणी केली, याची नोंद तळटीपेत जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील फुटबॉलपटू एप्रिल हाइनरिक्स यांच्या कारकिर्दीच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहावयाचा आहे. 1991 साली त्या विश्वविजेत्या संघाच्या कर्णधार होत्या; 2004 साली त्याच देशाच्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. या तेरा वर्षांत त्यांनी मैदानाच्या रेषेच्या आतून बाहेर, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बाजूकडून ठरविणाऱ्यांच्या बाजूकडे, प्रवास केला.

(वाचकांच्या सोयीसाठी एक खुलासा. अमेरिकेत ‘फुटबॉल’ हा शब्द हातात चेंडू घेऊन धावण्याच्या एका वेगळ्या खेळासाठी वापरतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला तेथे ‘सॉकर’ म्हणतात. या लेखात आपलाच शब्द वापरला आहे.)

सदतीस शब्दांचे कलम

23 जून 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शिक्षणविषयक एका दुरुस्ती कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील नववे प्रकरण ‘टायटल नाइन’ या नावाने प्रसिद्ध आहे. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगाच्या कारणावरून कोणालाही वगळता येणार नाही किंवा भेदभावाची वागणूक देता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. मूळ इंग्रजी वाक्य अवघ्या 37 शब्दांचे आहे आणि त्यात ‘खेळ’ हा शब्द एकदाही येत नाही. तरीही या वाक्याचा सर्वांत ठळक परिणाम खेळाच्या मैदानावरच दिसला. 1971-72 या वर्षी अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुलींची संख्या तीन लाखांहून कमी होती. 1978 पर्यंत ती वीस लाखांच्या पुढे गेली.

याच इतिहासाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. 1972 पूर्वी महाविद्यालयीन मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. त्या बहुधा व्यायामशिक्षिका असत आणि अत्यल्प मोबदल्यात किंवा मोबदल्याविना हे काम करीत. कायद्यानंतर मुलींच्या संघांना निधी मिळू लागला, प्रशिक्षकपद पगारी व प्रतिष्ठेचे झाले आणि पुरुषांचा ओघ त्या पदांकडे वळला. पुढे स्त्री प्रशिक्षकांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. मैदान मुलींना मिळाले. मार्गदर्शकाची जागा मात्र स्त्रियांच्या हातून निसटली. हाइनरिक्स यांच्या कारकिर्दीचे महत्त्व या पार्श्वभूमीवरच कळते.

घडण

एप्रिल हाइनरिक्स यांचा जन्म 27 फेब्रुवारी 1964 रोजी कोलोराडो राज्यातील डेन्व्हर येथे झाला. टायटल नाइन संमत झाले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. म्हणजेच या कायद्याच्या छायेत शाळा शिकलेल्या पहिल्या पिढीच्या त्या प्रतिनिधी ठरतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने महिलांचा फुटबॉल संघ 1979 साली सुरू केला होता आणि अखिल अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने महिलांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1982 साली घेतली. हाइनरिक्स 1983 साली या विद्यापीठात दाखल झाल्या. त्या चार वर्षांत संघ चारही वेळा अंतिम फेरीत पोहोचला. 1983, 1984 आणि 1986 साली विजयी झाला, तर 1985 साली जॉर्ज मेसन विद्यापीठाकडून पराभूत झाला. आघाडीच्या फळीत खेळताना हाइनरिक्स यांनी विद्यापीठासाठी 87 गोल केले.

तेथील प्रशिक्षक ॲन्सन डॉरन्स यांची पद्धत कठोर होती. सरावातील प्रत्येक झुंजीचे गुण मांडले जात आणि ते सर्वांना दिसतील असे लावले जात. मैत्री आणि स्पर्धा या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असा समज अनेक मुलींच्या मनात लहानपणापासून रुजवला गेलेला असतो. हाइनरिक्स सरावातही कोणाला सवलत देत नसत आणि त्यामुळे प्रारंभी सहकाऱ्यांमध्ये काहीशा एकाकी पडल्या. डॉरन्स यांनी त्यांना मवाळ होण्यास सांगितले नाही. उलट संपूर्ण संघासाठी तोच मानदंड ठरविला. गुणी मुलीला ‘जरा जपून वाग’ असे सांगणे सोपे असते. तिच्या पातळीपर्यंत इतरांना आणणे हे खरे शिक्षकाचे काम. हा धडा हाइनरिक्स यांनी खेळाडू म्हणून अनुभवला आणि पुढे प्रशिक्षक म्हणून वापरला.

1991 : चीनमधील विश्वविजय

अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाने पहिला सामना 1985 साली इटलीत खेळला. पुढच्याच वर्षी हाइनरिक्स संघात आल्या आणि नंतर कर्णधार झाल्या. 1991 च्या नोव्हेंबरमध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा चीनमध्ये झाली. या स्पर्धेला ‘विश्वचषक’ हे नाव देण्यास जागतिक फुटबॉल महासंघाने त्या वेळी हात आखडता घेतला होता. पुरुषांचे सामने 90 मिनिटांचे असत, महिलांचे मात्र 80 मिनिटांचे ठेवले गेले. स्त्रियांना पूर्ण वेळ झेपेल की नाही, ही शंका नियमातच लिहून ठेवल्यासारखी होती.

त्या शंकेला मैदानावर उत्तर मिळाले. हाइनरिक्स, मिशेल एकर्स आणि कॅरिन जेनिंग्ज या आघाडीच्या त्रयीला चिनी वृत्तपत्रांनी तीन धारांच्या तलवारीची उपमा दिली. अमेरिकेने सहा सामन्यांत केलेल्या 25 गोलांपैकी 20 या तिघींचे होते. त्यांत एकर्स यांचे दहा, जेनिंग्ज यांचे सहा आणि हाइनरिक्स यांचे चार. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जेनिंग्ज यांनी तीन आणि हाइनरिक्स यांनी दोन गोल करून 5-2 असा विजय मिळवून दिला. 30 नोव्हेंबर रोजी ग्वांगझू येथे नॉर्वेविरुद्ध अंतिम सामना झाला. खेळ संपण्यास दोन मिनिटे उरली असताना एकर्स यांनी निर्णायक गोल केला आणि अमेरिका 2-1 अशी जिंकली. या स्पर्धेनंतर गुडघ्याच्या दुखण्यामुळे हाइनरिक्स यांची खेळाडू म्हणून कारकीर्द थांबली. तेव्हा त्या 27 वर्षांच्या होत्या. 1998 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर सन्मान दालनात स्थान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला खेळाडू ठरल्या.

रेषेबाहेरची जबाबदारी

हाइनरिक्स यांचे प्रशिक्षणकार्य निवृत्तीनंतर सुरू झाले नाही, हे ध्यानात घ्यावे. विश्वविजयाच्या आधीच, 1990 साली, त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाचा संघ सांभाळला. पुढे 1991 ते 1995 मेरीलँड आणि 1996 ते 1999 व्हर्जिनिया विद्यापीठात त्या मुख्य प्रशिक्षक होत्या. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक टोनी डिचिको यांच्या हाताखाली त्या सहायक होत्या आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमधील सुवर्णपदकात त्यांचाही वाटा होता.

जानेवारी 2000 मध्ये त्या राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. काळ सोपा नव्हता. आदल्याच वर्षी पॅसेडीना येथे नव्वद हजारांवर प्रेक्षकांसमोर संघाने विश्वचषक जिंकला होता. त्यामुळे विजयाखेरीज दुसरा कोणताही निकाल लोकांना मान्य होणार नव्हता. शिवाय त्याच महिन्यात ज्येष्ठ खेळाडूंनी मानधनाच्या प्रश्नावर ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर बहिष्कार घातला होता.

सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नॉर्वेने जादा वेळेत 3-2 असा विजय मिळविला आणि अमेरिकेच्या वाट्याला रौप्यपदक आले. 2003 साली सार्सच्या साथीमुळे विश्वचषक चीनऐवजी अमेरिकेत भरला. स्पर्धेच्या तोंडावर, अवघे काही दिवस आधी, तेथील महिलांची व्यावसायिक लीग आर्थिक कारणाने बंद पडली. उपांत्य सामन्यात जर्मनीने अमेरिकेला 3-0 असे हरविले. मायदेशात झालेल्या या पराभवानंतर हाइनरिक्स यांच्या कार्यपद्धतीवर बरीच टीका झाली.

या काळात त्यांच्यापुढील खरे काम पिढीबदलाचे होते. मिया हॅम, ज्युली फाउडी, क्रिस्टीन लिली ही नावे घरोघरी पोहोचलेली होती. त्यांच्या शेजारी नवी माणसे उभी करावयाची होती. शॅनन बॉक्स यांनी तोवर एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता, तरी हाइनरिक्स यांनी त्यांना 2003 च्या विश्वचषक संघात घेतले. अथेन्स ऑलिंपिकमध्ये या धोरणाचे फळ दिसले. उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध जादा वेळेत निर्णायक गोल केला तो 19 वर्षांच्या हेदर ओरायली यांनी, मिया हॅम यांच्या पासवर. 26 ऑगस्ट 2004 रोजी ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिला गोल 20 वर्षांच्या लिंडसी टार्पली यांचा होता. 112 व्या मिनिटाला लिली यांच्या कॉर्नर किकवर ॲबी वॉमबॅक यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि सामना 2-1 असा संपला. जुन्या पिढीने चेंडू दिला, नव्या पिढीने गोल केला. फेब्रुवारी 2005 मध्ये हाइनरिक्स यांनी पद सोडले. त्यांच्या कार्यकाळात संघाने 124 सामन्यांपैकी 87 जिंकले, 20 बरोबरीत सोडविले आणि 17 गमावले.

मूल्यमापन

केवळ निकालांवरून पाहणारा म्हणेल की एक सुवर्ण, एक रौप्य आणि विश्वचषकात तिसरे स्थान, एवढीच ही कामगिरी. इतिहासाची मोजपट्टी थोडी निराळी असावी लागते. ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉल 1996 साली आला. पहिल्या दोन्ही सुवर्णविजेत्या संघांचे प्रशिक्षक पुरुष होते. 2004 साली प्रथमच एका स्त्रीने प्रशिक्षक म्हणून हे पदक मिळविले. त्यानंतर 2008 आणि 2012 मध्ये पिया सुंदहागे, 2016 मध्ये सिल्विया नाइड, टोकियोत बेव्ह प्रीस्टमन आणि 2024 मध्ये एमा हेज, अशा प्रत्येक सुवर्णविजेत्या संघाची प्रशिक्षक स्त्रीच आहे. 2003 साली हाइनरिक्स यांच्या संघाला हरवून जगज्जेत्या ठरलेल्या जर्मनीच्या प्रशिक्षक टीना टॉयने-मायर याही स्त्रीच होत्या, हेही विसरता येणार नाही. या सर्वांचे श्रेय एकट्या हाइनरिक्स यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु ऑलिंपिकपुरती या मालिकेची पहिली ओळ त्यांच्या नावाची आहे.

आणखी एक धागा याहून बारीक आहे. मेरीलँड विद्यापीठात असताना हाइनरिक्स यांनी जिल एलिस यांना सहायक म्हणून बोलावून घेतले. एलिस तेव्हा फुटबॉल सोडून एका कंपनीत तांत्रिक लेखनाची नोकरी करीत होत्या. 2011 साली दोघी पुन्हा एकत्र आल्या आणि मुलींच्या कनिष्ठ राष्ट्रीय संघांची जबाबदारी त्यांनी वाटून घेतली. पुढे एलिस यांच्या प्रशिक्षणाखाली अमेरिकेने 2015 आणि 2019 असे सलग दोन विश्वचषक जिंकले. पुढच्या व्यक्तीसाठी जागा करून देणे ही हाइनरिक्स यांच्या कारकिर्दीची, पदकतक्त्यात न दिसणारी, कमाई आहे.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी यातून एक प्रश्न आपापल्या ठिकाणी अवश्य विचारावा. एखाद्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळतो का, हे पाहून आपण समाधान मानतो. प्रवेशाचा आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु त्या संस्थेत शिकवणारे कोण, निवड करणारे कोण, अपयशानंतरही ज्यांच्यावर विश्वास ठेवला जातो ते कोण, हे प्रश्न त्यानंतरचे आणि तितकेच निकडीचे आहेत. जो शिकला त्याने शिकवणाऱ्याच्या जागी येऊन बसावे आणि तेथून आणखी एकाला हाक मारावी, तेव्हाच कायद्याने उघडलेले दार उघडे राहते.