बॅटरीचा लाल दिवा लागला की…

पिकअपच्या मीटरमध्ये बॅटरीचं लाल चित्र पेटलं की बरेचजण थेट बॅटरीच्या दुकानात जातात. नवी बॅटरी बसते, दोन दिवस गाडी झटक्यात सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. बॅटरी खराब झाली, असं तो दिवा सांगतच नाही. चार्जिंग होत नाही, एवढंच सांगतो. दोष बेल्टमध्ये, वायरमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा अल्टरनेटरमध्ये (गॅरेजच्या बोलीत डायनमो) असू शकतो. तो शोधायला अर्धा-पाऊण तास पुरतो.

साहित्य : डिजिटल मल्टिमीटर, टर्मिनलला बसेल तो पाना, काचपेपर, खाण्याचा सोडा, कोमट पाणी, टॉर्च, हातमोजे.

आधी एवढं करा : गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभी करून हँडब्रेक ओढा, चाकाला ओट लावा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

कृती

१. दिवा नीट पाहा. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. बॅटरीचा दिवा पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये या दिव्याच्या एका बाजूला बॅटरीचा दाब असतो, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरचा. दोन्ही सारखे झाले की दिवा विझतो. चावी ऑन करूनही तो पेटत नसेल, तर बल्ब गेलाय किंवा बारीक वायर तुटलीय. अंधुक जळत राहिला तर अल्टरनेटरमधल्या डायोडचा संशय घ्या. खड्ड्यात लुकलुकला तर कुठेतरी जोड ढिला आहे. एबीएस, एअरबॅग असे तीन-चार दिवे एकदम लागले, तरी आधी व्होल्टेजच तपासा. दाब पडला की ती यंत्रणाही तक्रार करते.

२. बेल्ट तपासा. इंजिन बंद करून, चावी काढून. बेल्ट चकाकत असेल, तडे गेले असतील किंवा सुरू करताना किंचाळत असेल, तर तो घसरतोय. तुटला असेल तर गाडी पुढे नेऊ नका. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिन तापणार. अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. तो थांबला की ब्रेक दगडासारखा कडक होतो. हौद्यात माल भरलेला असताना हा धोका पत्करू नये.

३. टर्मिनल आणि अर्थिंग साफ करा. पांढरी-हिरवी भुकटी वरून दिसते, पण खरी अडचण क्लॅम्पच्या आत असते. क्लॅम्प हाताने फिरला तर तो ढिला आहे. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. सोड्याच्या पाण्याने भुकटी धुवा, शिसं काचपेपरने चमकेपर्यंत घासा. निगेटिव्हची जाड वायर चेसिसला आणि इंजिनला जिथे बोल्टने जोडलेली असते, ती जागाही पाहा. पावसाळ्यानंतर तिथे चिखलाखाली गंज सापडतो.

४. बॅटरी मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी काही तास बंद राहिल्यानंतरचं रीडिंग घ्या.

- १२.६ किंवा जास्त : बॅटरी भरलेली
- १२.४ : साधारण पाऊण
- १२.२ : अर्धी
- १२ च्या खाली : उतरलेली, आधी बाहेरून चार्ज करा

५. चालू इंजिनवर मोजा. बाह्या आवरून, बेल्ट-पंख्यापासून हात लांब ठेवा. हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून थोडी रेस द्या. १३.८ ते १४.५ आलं तर चार्जिंग ठीक. आकडा बॅटरीच्या मूळ रीडिंगवरच अडकला तर चार्जिंग शून्य. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळेल. काही नव्या गाड्यांत चार्जिंग किती करायचं ते कंट्रोल युनिट ठरवतं, तिथे आकडा मुद्दाम खाली-वर होतो. कंपनीचं मॅन्युअल पाहा.

चालू इंजिनवर टर्मिनल काढून ‘डायनमो बघायची’ जुनी युक्ती करू नका. दाब एकदम उसळतो आणि रेग्युलेटरपासून ईसीयूपर्यंत (इंजिनचं कंट्रोल युनिट) काहीही जळू शकतं.

६. वायरमधली दाबाची घट मोजा. ही पायरी बहुतेक सगळे गाळतात. इंजिन आणि हेडलाइट चालूच. लाल प्रोब अल्टरनेटरच्या जाड वायरच्या टर्मिनलवर, काळा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. ०.३ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर मधली वायर, फ्यूज किंवा जोड खराब. मग अल्टरनेटरचं धातूचं अंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा, ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग कच्चं. जाड वायरचं टर्मिनल इंजिन बंद असतानाही जिवंत असतं, तिथे पाना बॉडीला टेकू देऊ नका.

७. निष्कर्ष काढा. बेल्ट ताठ, जोड साफ, वायर आणि फ्यूज ठीक, तरी १३ व्होल्टही येत नाहीत, तरच अल्टरनेटर उतरवायचा. तेव्हाही आधी कार्बन आणि रेग्युलेटर तपासून घ्या; बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

वाटेत दिवा लागला आणि बेल्ट शाबूत असेल, तर एसी, ब्लोअर, टेप बंद करून जवळचं गॅरेज गाठा. मध्ये इंजिन बंद करू नका. रात्री हेडलाइटमुळे बॅटरी लवकर उतरते, तेव्हा लांबचा पल्ला टाळा.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना तिन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून न्या : बंद गाडीचा, चालू गाडीचा आणि वायरमधल्या घटीचा. मग ‘डायनमोच बदलावा लागेल’ असं कोणी म्हटलं, तर कशावरून, हे विचारता येतं.