शुद्ध मध कसा व कोठून घ्यावा?

आपल्याकडे मध घरात येतो तो बहुधा औषध म्हणून. खोकल्यासाठी, काढ्यात किंवा वैद्यांनी दिलेल्या चूर्णाबरोबर चमचाभर मध लागतो. बाटलीत मधाऐवजी साखरेचा पाक निघाला तर पैसे वाया जातातच, शिवाय आपल्याच तालुक्यात पेट्या सांभाळणाऱ्या मधपाळाचा खरा माल त्या स्वस्त पाकापुढे पडून राहतो.

काही वर्षांपूर्वी घाटातील रस्त्याकडेला एका विक्रेत्याकडून प्रस्तुत लेखकाने मध घेतला. बादलीत पोळ्याचा तुकडा तरंगत होता. विक्रेत्याने पेल्यातील पाण्यात थेंब टाकून दाखवला, तो सरळ तळाशी गेला. घरी बाटली कोमट पाण्यात ठेवताच गुळाचा वास सुटला. पोळे खरे होते, पण ते गुळाच्या पाकात बुडवलेले होते. कृषी विषयातील पदव्युत्तर पदवी अशा वेळी काही कामास आली नाही!

घरगुती परीक्षा किती खऱ्या?

पाण्यात थेंब टाकणे, काडी मधात बुडवून पेटवणे, कुत्र्याला चाटावयास देणे, अंगठ्यावर थेंब ठेवणे या परीक्षा सर्वत्र सांगितल्या जातात. त्यांतील पहिल्या, दुसऱ्या व चौथीतून फार तर पाण्याचे प्रमाण किंवा घट्टपणा कळतो. दाट पाकही या परीक्षांत सहज पास होतो, तर पश्चिम घाटातील सातेरी माशीचा मूळचाच थोडा पातळ असणारा खरा मध नापास होऊ शकतो. कुत्र्याच्या परीक्षेला तर काहीच आधार नाही.

मध गोठला म्हणजे त्यात साखर आहे, हा समजही चुकीचा आहे. मधात ग्लुकोज जास्त असल्यास तो थंडीत रवाळ होतो. मोहरी व सूर्यफुलाचा मध लवकर गोठतो. अशी बाटली कोमट पाण्यात ठेवावी. मध थेट विस्तवावर तापवू नये, त्याने सुवास जातो व प्रत घटते.

वजन मात्र अवश्य करून पाहावे. पक्व मध पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असतो. म्हणजे १ लिटरच्या बाटलीत अंदाजे १ किलो ४०० ग्रॅम मध बसला पाहिजे. त्यापेक्षा बराच कमी भरल्यास मध कच्चा आहे किंवा त्यात पाणी आहे असे समजावे. असा मध पुढे फसफसतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार मधात पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे.

प्रयोगशाळेलाही चकवणारे पाक

ऊस व मका ही सी-४ गटातील पिके, तर मधमाश्या ज्यांचा मकरंद घेतात त्या बहुतेक वनस्पती सी-३ गटातील. या फरकामुळे उसाच्या किंवा मक्याच्या साखरेची भेसळ कार्बनच्या तपासणीत सापडते. पण भात व बीट हीदेखील सी-३ पिके आहेत! त्यांच्यापासून केलेला पाक या तपासणीतून निसटतो. सन २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने बाजारातील १३ नाममुद्रांचे नमुने तपासले. त्यांपैकी केवळ ३ नाममुद्रा सर्व चाचण्यांत उतरल्या. प्रगत चाचणी परदेशात करून घ्यावी लागली होती. जे प्रयोगशाळेला जड जाते, ते पाण्याच्या पेल्याने कसे कळणार? म्हणून बाटली पाहण्यापेक्षा मध काढणाऱ्याकडे जाणे बरे.

मधपाळास काय विचारावे?

प्रथम पेट्या पाहाव्यात आणि त्या किती आहेत ते विचारावे. सातेरीच्या एका पेटीपासून वर्षाला साधारणपणे ५ ते १० किलो मध मिळतो. युरोपीय मेलिफेरा माशीपासून, पेट्या फुलोऱ्यामागे हलवल्यास, याच्या कितीतरी पट मिळतो. दहा सातेरी पेट्यांवर कोणी क्विंटलांनी मध विकत असेल तर हिशेब जुळत नाही, हे सांगावयास नको.

दुसरा प्रश्न फुलोऱ्याचा. महाबळेश्वर भागात जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मध उन्हाळ्यात मिळतो. कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. दरवर्षी "ताजा कारवीचा मध" देणाऱ्यास, यंदा कारवी कोणत्या डोंगरावर फुलली होती, एवढे विचारावे.

तिसरा प्रश्न थोडा नाजूक आहे. पावसाळ्यात फुलोरा नसताना वसाहत जगवण्यासाठी साखरेचा पाक द्यावा लागतो. यात गैर काही नाही. पाक केव्हा बंद केला आणि त्यानंतर किती दिवसांनी मध काढला, हे चांगला मधपाळ न लपवता सांगतो. "आम्ही साखर कधीच देत नाही" असे ठासून सांगणाऱ्यापेक्षा आमचा विश्वास अशा माणसावर अधिक बसतो.

शक्य असल्यास मध काढतेवेळीच जावे. मधकोठीतील पोळ्याची सुमारे तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झालेली असावीत व मध यंत्राने काढलेला असावा. पिळून काढलेल्या मधात मेण व पिल्लांचा रस उतरतो आणि पोळेही नष्ट होते.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे १६ मे २०२२ रोजी "मधाचे गाव" म्हणून जाहीर झाले. पुढे भुदरगड तालुक्यातील पाटगाव येथेही हा उपक्रम राबवण्यात आला. जवळच्या मधपाळांची माहिती खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वर येथील मध संचालनालयाकडे विचारता येईल. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही आहे. बंद बाटली घेताना १४ अंकी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक व भरल्याची तारीख पाहावी. क्रमांकामुळे शुद्धतेची हमी मिळत नाही, परंतु तक्रार कोणाविरुद्ध करावयाची ते कळते.

आणलेला मध काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवावा, ओला चमचा घालू नये. एक वर्षाखालील बाळास मात्र कितीही शुद्ध मध चाटवू नये. त्यातील काही जीवाणूंचे बीजाणू तान्ह्या आतड्यात वाढून गंभीर विषबाधा करू शकतात.

गावात मधपाळच नसल्यास फुलोऱ्याच्या काळात बाहेरच्या मधपाळाला बांधावर पेट्यांसाठी जागा द्यावी. सूर्यफूल, कारळा किंवा बियाण्याचा कांदा असल्यास परागीभवनाने आपलेही उत्पादन वाढते. फवारणीची वेळ त्यास आदल्या दिवशी कळवावी आणि पीक फुलात असताना शक्यतो फवारणी टाळावी. जागेच्या मोबदल्यात काय घ्यावे हे आपसात ठरवावे. आमच्या माहितीतील शेतकरी पैसे न घेता, आपल्यासमोर काढलेला मध घेतात.