दीर्घायुष्य आणि श्रद्धा

आपल्याकडे वडील माणसाच्या पायां पडलें कीं ‘शतायुषी हो’, ‘औक्षवंत हो’ असा आशीर्वाद मिळतो. वाढदिवशीं आई निरांजन घेऊन मुलाला ओवाळते, त्याला औक्षण म्हणतात; त्या शब्दांतही आयुष्यच मागितलेलें असतें. मंगळवार पेठेंतील कोणत्याही घरीं जावें, धर्म कोणताही असो, मुलाला उदंड आयुष्य लाभावें ही आईबापांची इच्छा सारखीच दिसेल. मग ख्रिस्ती मनुष्यानें या इच्छेकडे कसें पाहावें? श्रद्धेनें आयुष्य वाढतें काय? आणि श्रद्धावान मनुष्य लवकर गेला, तर त्याची श्रद्धा व्यर्थ गेली असें समजावें काय? या प्रश्नांचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं मिळून करावा, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

प्रथम पवित्र शास्त्र काय सांगतें तें पाहूं. दहा आज्ञांपैकीं पांचवी आज्ञा आईबापांचा मान राखण्याविषयीं आहे, आणि देवानें दिलेल्या भूमींत पुष्कळ दिवस राहण्याचें वचन तिला जोडलेलें आहे. नीतिसूत्रांतही ज्ञानाच्या उजव्या हातीं दीर्घायुष्य असल्याचें वर्णन आहे. यावरून दीर्घायुष्य ही देवाची देणगी आहे व तिची इच्छा धरणें पाप नव्हे, हें उघड होतें. परंतु पांचवी आज्ञा हा एकट्यादुकट्याशीं ठरविलेला सौदा नव्हे. ती सबंध लोकांना उद्देशून दिलेली आहे. ज्या समाजांत तरुण माणसें वृद्धांना टाकून देत नाहींत, तेथें म्हातारपणीं अन्न, औषध व आधार मिळतो, आणि आज जो सेवा करतो त्याचीही उद्यां सेवा होते. वचन फळास येण्याची ही एक सरळ वाट आहे.

मोशेच्या नांवावर असलेल्या नव्वदाव्या स्तोत्रांत मनुष्याचें वय सत्तर, फार तर ऐंशीं वर्षें धरलें आहे. शास्त्रांत सर्वांत अधिक जगलेला पुरुष मथुशलह. त्याचें वय ९६९ वर्षें सांगितलें आहे. पण त्याला मुलें झालीं व पुढें तो मेला, यापलीकडे त्यानें काय केलें हें उत्पत्तीच्या पुस्तकांत सांगितलेलें नाहीं. उलट प्रभू येशू ख्रिस्त तिशीच्या सुमारास लोकांपुढें आला आणि थोड्याच वर्षांत वधस्तंभावर मरण पावला. नुसती वर्षें मोजून मोठेपण ठरतें, तर मथुशलहासारखा थोर पुरुष दुसरा झालाच नाहीं असें म्हणावें लागलें असतें.

तथापि आयुष्याविषयीं बेपर्वाई दाखविणें हीही श्रद्धा नव्हे. हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला तेव्हां त्यानें भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, आणि त्याला आणखी पंधरा वर्षें आयुष्य मिळालें. ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. पण तिचा दुसरा भाग आपण विसरतों. त्याच प्रसंगीं यशया संदेष्ट्यानें राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितलें. प्रार्थना आणि औषध यांचें तेथें भांडण नाहीं. लूक हा वैद्य होता, आणि पौलानें तीमथ्याच्या पोटाच्या विकारावर उपाय सुचविला होता. याच समजुतीनें डॉक्टर विल्यम वॉनलेस हे इ. स. १८८९ मध्यें हिंदुस्थानांत आले व त्यांनीं पुढें आपल्या शेजारच्या मिरजेस मिशन हॉस्पिटल उभारलें. रोग्यासाठीं प्रार्थना करणें आणि स्वच्छ हातांनीं शस्त्रक्रिया करणें, हीं दोन्हीं त्यांच्या दृष्टीनें एकाच सेवेचीं अंगें होतीं.

शरीर हें पवित्र आत्म्याचें मंदिर आहे अशी पौलाची शिकवण आहे. आपल्या पेठेंतील तालमींत पहाटे जोर-बैठका काढणारा मल्ल आखाड्याच्या मातीलाही पाय लावण्यापूर्वीं नमस्कार करतो. मग ज्या शरीराला आपण मंदिर म्हणतों, त्यांत तंबाखू व दारू नेऊन ठेवणें कसें शोभेल? या संयमाचें फळ डोळ्यांनीं दिसण्याजोगें आहे. कॅलिफोर्नियांतील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक तंबाखू व दारू वर्ज्य मानतात, त्यांच्यांतील पुष्कळजण शाकाहारी असतात, आणि आठवड्याचा एक दिवस ते विसाव्यासाठीं राखतात. इ. स. २००१ मध्यें त्यांच्याविषयीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत तेथील इतर लोकांच्या मानानें या पंथाचे पुरुष सुमारें सात व स्त्रिया सुमारें चार वर्षें अधिक जगतात असें आढळलें. इ. स. २०१६ मध्यें अमेरिकेंतील ७४,००० हून अधिक परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून एकाहून अधिक वेळां उपासनेस जाणाऱ्या स्त्रियांत, कधींच न जाणाऱ्यांपेक्षां, मृत्यूचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशानें कमी होतें. त्यांच्यांत धूम्रपान कमी होतें, मनाची उदासीनता कमी होती, आणि अडचणींत धांवून येणारीं माणसें अधिक होतीं. या फरकाचा कांहीं भाग यांवरून उलगडतो.

पण या आंकड्यांवरून श्रद्धा हें आयुष्य वाढविण्याचें औषध आहे असें अनुमान काढणें चूक होय. आंकडे समूहाचे असतात. एका माणसाचें भविष्य ते सांगत नाहींत. शिवाय इ. स. १९११ ते १९२१ या दशकांत हिंदुस्थानांत जन्मणाऱ्याचें सरासरी आयुर्मान अवघें सुमारें २० वर्षें होतें. आज तें सुमारें ७० वर्षें आहे. त्या दशकांत सर्व माणसें विशींतच मरत होतीं असा याचा अर्थ नव्हे. असंख्य बालकें पाळण्यांतच जात, त्यांत इ. स. १९१८ चा इन्फ्लुएंझा आला, म्हणून सरासरी इतकी खालीं उतरली. त्या काळच्या आया आजच्या आयांपेक्षां कमी प्रार्थना करीत होत्या काय? मुळींच नाहीं. त्यांना लस, शुद्ध पाणी व सुईणीचें शिक्षण मिळालें नव्हतें.

येथें एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. वर्गांत एखादा असा मुलगा असतोच कीं ज्याची आई किंवा वडील अकालीं निवर्तले. त्याला कोणी म्हणतें, ‘तुमची प्रार्थना कमी पडली,’ किंवा ‘घरांत कांहीं पाप असेल.’ हें बोलणें क्रूर आहे आणि शास्त्राच्या विरुद्धही आहे. ईयोबाचे मित्र असेंच बोलले, व देवानें त्यांनाच दोषी ठरविलें. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं. तीं इतरांहून अधिक पापी होतीं ही समजूत प्रभूनें स्पष्टपणें नाकारली. म्हणून अशा सोबत्याला दोष न लावतां त्याच्याजवळ बसावें, हें ख्रिस्ती विद्यार्थ्याचें पहिलें कर्तव्य होय.

आतां आपल्याच मातींतील चरित्रें पाहा. पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांत आईबाप गमावले, पुढें भाऊ व पति गमावले, आणि इ. स. १९२१ मध्यें एकुलती एक कन्या मनोरमा हिचाही मृत्यु पाहिला. तरी केडगांवचें मुक्तिसदन व बायबलाचें मराठी भाषांतर त्यांनीं सोडलें नाहीं. ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं, ६३ वर्षांच्या वयांत, त्या निवर्तल्या. त्यानंतर एका महिन्यानें, ता. ६ मे रोजीं, आपले राजर्षि शाहू छत्रपति अवघ्या ४७ व्या वर्षीं गेले. ते ख्रिस्ती नव्हते, परंतु इ. स. १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करणाऱ्या या राजाचें आयुष्य तोकडें होतें असें कोणता कोल्हापूरकर म्हणेल? रेव्हरंड नारायण वामन टिळक इ. स. १९१९ मध्यें ५७ वर्षांचे असतांना गेले, आणि त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरेंच राहिलें. ज्या लक्ष्मीबाईंना लहानपणीं शाळा ठाऊक नव्हती, त्यांनीं तें हातीं घेऊन पुढें नेलें. त्यांच्याही निधनानंतर, इ. स. १९३८ मध्यें, तें प्रसिद्ध झालें. एकाचें आयुष्य सरलें तेथें दुसऱ्यानें काम उचललें.

ख्रिस्ती धर्मांत ज्याला सार्वकालिक जीवन म्हणतात, तें मरणानंतर पुढें जोडलेलीं वर्षें एवढेंच नव्हे. देवाची ओळख होणें हेंच तें जीवन, असें योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभूच्या प्रार्थनेवरून कळतें. तें आजपासून, शाळेच्या बांकावरही, सुरू होऊं शकतें. जो मनुष्य असें जगतो, त्याला दीर्घायुष्य मिळालें तर तो कृतज्ञ राहतो, आणि न मिळालें तरी तो फसला गेला असें होत नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, आपणांस तीन गोष्टी करतां येतील. शरीराची निगा राखावी, व दुखण्यांत प्रार्थनेबरोबर वैद्याचेंही साह्य घ्यावें. घरांतील वृद्धांपाशीं रोज थोडा वेळ बसावें. आणि आयुष्य किती लाभेल याचा हिशेब देवावर सोंपवून आजचें काम आजच करावें. पुढच्या वेळीं आजीच्या पायां पडून ‘शतायुषी हो’ हा आशीर्वाद घ्याल, तेव्हां तिलाही विचारा, ‘आजी, तुझें औषध घेतलेंस ना?’