जीव वाचल्यानंतरचे दुखणे

अतिदक्षता विभागातून सुटून माणूस घरी आला म्हणजे कोणी पेढे वाटतो, कोणी नवस फेडतो, कोणी शुक्रान्याची नमाज पढतो. हा आनंद योग्यच आहे. परंतु कित्येकांचे दुसरे दुखणे तेथूनच सुरू होते, आणि त्याविषयी घरात फारसे कोणी बोलत नाही. त्या दुखण्याची ओळख करून देणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

१९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या श्वासनलिकेत नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरण्याचा उपाय डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचविला. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रात्रंदिवस हे काम करून अनेकांचे प्राण वाचविले. त्यातूनच पुढे अतिदक्षता विभाग निघाले. तेथे प्रश्न एकच असे : रोगी वाचेल काय? वाचल्यावर तो कसा जगतो, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

वेल्समधील स्वान्सी येथील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्यांना सहा महिने ते वर्षभरानंतर विचारले असता, शेकडा ४४ जणांनी जुनाट वेदना असल्याचे सांगितले. सांध्यांपैकी सर्वांत अधिक तक्रार खांद्याची होती.

ह्याची कारणे समजून घेऊ. पहिले कारण स्नायूंची झीज. गंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागते. दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद सरासरी एक षष्ठांशाहून अधिक घटल्याचे मोजमाप झालेले आहे. दुसरे कारण सांध्यांचा ताठरपणा. गुंगीच्या औषधाखाली माणूस दिवसचे दिवस हालचालीवाचून पडून राहतो. तिसरे कारण मज्जातंतूंची इजा. तिच्यामुळे तळपायांची आग होते, मुंग्या येतात. चौथे कारण असे की, दीर्घकाळ वेदना सोसलेली मज्जासंस्था अधिक हळवी होते, आणि साध्या स्पर्शानेही कळ उठू शकते. झोपेचा अभाव व त्या दिवसांच्या भयाण आठवणी ह्यांनी ती आणखी वाढते.

येथे एक घरचा अनुभव सांगतो. २०२१ साली आमचे थोरले मामू करोनाच्या आजारात बरेच दिवस श्वसनयंत्रावर होते. घरी आल्यावर त्यांना तकबीरसाठी हात कानापर्यंत नेता येईना. ते कण्हत, तेव्हा एकदा मी म्हणालो, “मामू, अल्लाने जीव वाचवला, आता खांद्याचे काय घेऊन बसलात?” त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. दुखणे थांबले असे आम्ही समजलो. वस्तुतः थांबले होते ते बोलणे. काही महिन्यांनी मामींनी सांगितले की, रात्री ते बसूनच झोपतात. मग व्यायामोपचार सुरू झाले. हात बराच वर आला, पूर्ण नव्हे. माझ्या त्या एका वाक्याने किती महिने वाया गेले, ह्याचा हिशोब मी अजून करतो.

वाचलेला माणूस कृतज्ञतेपोटी गप्प बसतो. घरच्यांनी आधीच खूप सोसले आहे, असे त्याला वाटते. वेदना एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. २०२० साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपली व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस ‘मला दुखते’ म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असेही नमूद केले.

तेव्हा घरच्यांनी काय करावे? रुग्णालयातच डॉक्टरांना विचारावे की हालचाल केव्हा सुरू करावयाची. घरी आल्यावर रोग्याला नेमके प्रश्न विचारावेत : केस विंचरताना हात वर जातो का? सदरा घालताना कळ येते का? रात्री झोप लागते का? दुखणे तीन महिन्यांपलीकडे टिकले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. आजाराचे सर्व कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. गंभीर आजारात मूत्रपिंडे दुखावलेली असू शकतात. व्यायाम रोज, थोडा, तज्ज्ञाने दाखविल्याप्रमाणे करावा.

आपल्यासारख्या संस्थांकडे लोक रुग्णालयाच्या बिलासाठी मदत मागतात. त्या मदतीत पुढील काही महिन्यांच्या व्यायामोपचाराचाही वाटा असावा, अशी विश्वस्त मंडळींना माझी नम्र विनंती आहे. आणि वाचकहो, आपल्या घरी असा कोणी असेल, तर आज त्याच्याजवळ बसून एवढेच विचारा : “अजून कुठे दुखते?” आणि तो जे सांगेल ते पुरते ऐकून घ्या.